दोरीवरचं रोप कोणाचं?

पीक किती आलं हे सरकार कसं मोजतं, असा प्रश्न शहरात वाढलेल्या माणसाला सहसा पडत नाही. मला तो कामामुळे पडला. लाखो लोक वापरतात त्या ॲपमध्ये एखादा बदल करायचा, तर आम्ही तो आधी थोड्यांना दाखवतो आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतो. नमुना किती मोठा घ्यावा यावर आमच्या बैठका लांबतात. नमुना घेणारा हात कुठल्या बाजूला कलतो, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही. नेमक्या याच गोष्टीवरून १९४०च्या दशकात भारतात दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांचं चांगलंच वाजलं होतं. एक कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस. दुसरे पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनला गेलेले.

त्याआधी देशभर चालायची ती आणेवारी. गावचा अंमलदार शेताकडे बघून सांगणार, यंदा पीक आठ आणे, यंदा बारा आणे. सोळा आणे म्हणजे नेमकं किती, हे ज्याच्या त्याच्या डोक्यात. बंगालात तर याहून वाईट. तिथे कायमधारा पद्धत होती. जमीनदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरली की सरकारला शेताशी देणंघेणं नाही. त्यामुळे आपल्याकडच्या तलाठ्यासारखा गावोगाव नोंदी ठेवणारा माणूसच तिथे नव्हता. गावच्या चौकीदाराकडून येईल तो आकडा खरा. १९४३च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. तेव्हा प्रांतात तांदूळ किती आहे यावर अधिकारी वाद घालत होते, तो असल्या आकड्यांच्या जोरावर.

महालनोबिसांनी १९३७पासून बंगालात तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी सुरू केली होती. त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं डोकं म्हणजे, एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या तुकड्यांकडून मोजून घ्यायचे. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे लगेच कळतं. एकेक शेत मोजण्याच्या मानाने खर्च दशांशावर आला. शिवाय पुढे व्यापाराच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तर संपूर्ण मोजणीपेक्षा नमुनाच खऱ्याच्या जवळ निघाला. यात चमत्कार काही नाही. हजारो हंगामी माणसं घाईने भरती केली की ती झाडाखाली बसूनही तक्ते भरतात. मोजकी, शिकवलेली माणसं असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवता येतं.

भांडण झालं ते उत्पन्नाच्या मोजणीवरून. तागाचं क्षेत्र मोजणं वेगळं आणि एकरी धान किती पिकलं हे मोजणं वेगळं. त्यासाठी शेतात यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यावरून, एक जागा ठरवायची. तेवढ्या तुकड्याची कापणी करायची, मळणी करायची आणि धान्य तोलायचं. पण तुकडा केवढा? महालनोबिसांची माणसं दोन फूट, चार फूट अशा त्रिज्येची छोटी वर्तुळं कापत. त्यामागचा हिशेब पक्का होता. एकाच शेतातली रोपं बरीचशी सारखी असतात, खरा फरक असतो शेताशेतात आणि गावागावात. मग एकाच शेतात मोठा तुकडा कापण्यात दिवस कशाला घालवा? त्याऐवजी जास्त शेतं करा.

सुखात्मे तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी एकाच शेतात लहानमोठे तुकडे कापून तुलना केली आणि १९४६मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की लहान तुकड्यांत उत्पन्न फुगतं. कारण साधं आहे. दोरीवर उभं असलेलं रोप आत की बाहेर? कापणारा ते आत घेतो. चांगलं भरलेलं कणीस सोडवत नाही.

मी कागदावर हिशेब करून पाहिला. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात हात सगळीकडून एक इंच बाहेर गेला, तर क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढतं. सुखात्म्यांच्या बाजूने रूढ झालेला तुकडा ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. त्यात तोच एक इंच दीड टक्क्यावर येतो. शिवाय शेतं वाढवून उपयोग नाही. शेताशेतातला चढउतार हजार नमुन्यांत विरतो, पण इंच हजार वेळा त्याच बाजूला जातो.

महालनोबिसांचं म्हणणं, दोष वर्तुळाचा नाही, नीट न शिकवलेल्या माणसांचा आहे. पुढे त्यांच्या संस्थेच्या प्रयोगांतही अगदी लहान वर्तुळं फुगतात हे दिसलंच. तरी माझ्या मते दोघांचीही पद्धत त्यांना मिळालेल्या माणसांतून आली होती. बंगालात गावपातळीवर कोणी नाही, म्हणून फिरती, पगारी, प्रशिक्षित पथकं. ती एका शेतावर मळणी होईपर्यंत थांबणार कशी? सुखात्म्यांकडे महसूल आणि शेती खात्याची माणसं जागेवरच होती. पण ती संख्याशास्त्र शिकलेली नव्हती, म्हणून त्यांच्या हातून कमीत कमी बिघडेल असा मोठा तुकडा. सुखात्म्यांचा मार्ग सरकारी यंत्रणेच्या अंगवळणी पडणारा होता, तोच देशभर रुजला. ते स्वतः पुढे रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले.

महाराष्ट्रात पीक कापणी प्रयोग आजही होतात, बहुतेक पिकांना १० बाय ५ मीटरचा तुकडा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या २०१६च्या नियमांत महसूल मंडळाला प्रत्येक पिकाचे किमान दहा प्रयोग सांगितले होते. दहा तुकडे मिळून पाव एकरही जमीन भरत नाही. त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, वर राहिली तर त्या हिशेबाने कोणालाच नाही. सुखात्म्यांच्या प्रयोगात दोरीवरचं रोप आत घेणाऱ्याला त्यातून काही मिळत नव्हतं. आता ते आत गेलं तर विमा कंपनीचा फायदा, बाहेर राहिलं तर शेतकऱ्याचा. कापणीच्या वेळी दोन्हीकडची माणसं बांधावर उभी असतात, ती ही दोरी बघायला.