मुक्त विद्यापीठातून बीए झालंय, आता पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती मिळते का?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यात शेती किंवा दुकानातलं काम सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकणारे खूप आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. त्यामुळे मुखेड, कंधार, उदगीर, निलंग्याकडची पोरं-पोरी त्यावर बीएड, एलएलबी, एमएला प्रवेश घेतात. अडचण पैशाच्या वेळी येते. आधीचं शिक्षण शिष्यवृत्तीच्या आड येतं का, हे बहुतेकांना प्रवेश घेतल्यावरच कळतं.

यात पाहायचं ते एवढंच, की नवा अभ्यासक्रम वरच्या पायरीचा आहे की त्याच पायरीचा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक टप्पा पास झाल्यावर त्याच टप्प्याचं दुसऱ्या विषयातलं शिक्षण बसत नाही. बीए झाल्यावर बीकॉम, किंवा एका विषयात एमए झाल्यावर दुसऱ्या विषयात एमए केलं तर शिष्यवृत्ती नाही. पहिली पदवी घरी बसून केली की कॉलेजात जाऊन, याने फरक पडत नाही. 'मुक्तची पदवी मोजत नाहीत' असं गावात सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे, मोजतात. पण बीए करून बीएड किंवा एमए करणाऱ्याला ही आडकाठी नाही, कारण ते पुढचं पाऊल आहे.

बीए अर्ध्यात सोडलं असेल तर गोष्ट वेगळी. टप्पा पास झालेला नाही, म्हणून वरचा नियम तिथं लागत नाही. मधल्या वर्षांसाठी मात्र कॉलेज गॅप सर्टिफिकेट, म्हणजे खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतं. ते तहसीलच्या आवारात करून मिळतं. प्रवेशाच्या गर्दीआधीच करून ठेवलेलं बरं.

खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. दूरशिक्षण आणि अर्धवेळ अभ्यासक्रम यात चालत नाहीत, पण आधी अर्धवेळ शिकलेला विद्यार्थी आता पूर्णवेळ शिकत असेल तर त्याला बंदी नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. दोन वर्षांच्या खंडाची अट आहे ती अभ्यासक्रम चालू असतानाच्या खंडाची. प्रवेशाआधी शेतात गेलेली वर्षं त्यात धरत नाहीत. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

नोकरी करत शिकलेल्यांनी उत्पन्नाकडं नीट पाहावं. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची आहे, आणि स्वतःची कमाई आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवली जाते. त्यावर उत्पन्न गेलं तर फ्रीशिपचा अर्ज करायचा. तलाठ्याच्या अहवालात पगार दाखवलाच नाही आणि पुढं निघाला, तर निस्तरणं अवघड जातं.

महाडीबीटीवर आधीचं खातं असेल तर तेच वापरायचं. आधारवर दुसरं खातं काढायच्या नादात अर्ज अडकतो. मुक्तची पदवी 'पूर्वीचं शिक्षण' या रकान्यात भरायचीच. काही सेतू केंद्रांवर 'ते राहू द्या, कशाला दाखवता' असा सल्ला मिळतो, तो ऐकू नये. गुणपत्रक आणि टीसीवरून ती पदवी कॉलेजला दिसतेच.

शिष्यवृत्ती बसत नसेल तर शैक्षणिक कर्ज उरतं. ४ लाखांपर्यंत बँका सहसा स्वतःचा हिस्सा मागत नाहीत. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत साडेचार लाखांच्या आतल्या कुटुंबाला अभ्यासक्रमाच्या काळातलं व्याज माफ होतं, पण हा लाभ एकदाच आहे, पदवीला नाहीतर पदव्युत्तरला. म्हणून लहान कोर्सला तो घेऊन टाकण्याआधी पुढं काय शिकायचं ते घरात बसून ठरवावं.