अडूरचे गोविंदराव आणि आपली पेटी

आपल्या भजनी मंडळात वाजणाऱ्या पेटीला १९४० साली रेडिओवर बंदी घातली होती. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जातो, तशी मींड पेटीला जमत नाही, हा आक्षेप. बंदी १९७१ पर्यंत टिकली.

त्याच काळात आपल्या गुहागर तालुक्यातल्या अडूरचे, १९२५ साली जन्मलेले गोविंदराव पटवर्धन संगीत नाटकांत पेटी आणि ऑर्गन वाजवत होते. छोटा गंधर्व, वसंतराव देशपांडे यांना त्यांनी साथ केली. ते नाट्यपद वाजवू लागले, की पेटीच गातेय असं वाटे.

‘बायकांना पेटी कुठली जमायला?’ असं कुणी म्हटलं, तर वाद घालू नका. भाता ओढा, वाजवून दाखवा.