मान, मानधन आणि मान्यता

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात ईस्ट वेलो नावाचे खेडे आहे. तेथील चर्चच्या आवारात नाइटिंगेल कुटुंबाची समाधी आहे. तिच्या एका बाजूवर 'एफ. एन.' एवढी आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत: १२ मे १८२० आणि १३ ऑगस्ट १९१०. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव आप्तांनी नाकारला, कारण खुद्द फ्लॉरेन्सबाईंना असला थाटमाट नको होता. क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ साली परततानाही त्यांनी सत्कार टाळण्यासाठी 'मिस स्मिथ' या नावाने प्रवास केला होता.

परिचारिका किंवा आरोग्यसेविका आपल्या कामाची दखल घ्या म्हणू लागल्या, की अशाच निरपेक्षतेचे दाखले दिले जातात. सेवेला कौतुकाची हाव नसावी, हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे आणि, खरे सांगायचे तर, कधीकाळी उच्चारलेही आहे. म्हणूनच ज्या चरित्राचा दाखला दिला जातो, ते जरा नीट पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, फ्लॉरेन्सबाईंनी सत्कार नाकारला, तरी कीर्तीचे सामर्थ्य नाकारले नाही. त्यांच्या नावाने १८५५ मध्ये सुरू झालेल्या निधीत सुमारे ४५,००० पौंड जमले आणि त्यातूनच १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १८५३ मध्ये त्यांनी लंडनमधील एका रुग्णालयाची व्यवस्था विनावेतन पत्करली, ती वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक करून दिल्यावर. निरपेक्षतेला अशी भक्कम जोती होती. ज्यांना ती नव्हती, त्या सामान्य परिचारिकांनी कशावर उभे राहावे?

हाच प्रश्न पुढे वेगळ्या रूपात उभा राहिला. एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ साली ब्रिटिश परिचारिकांची संघटना उभारली आणि प्रशिक्षित परिचारिकांची अधिकृत नोंदवही असावी अशी मागणी केली. तिला फ्लॉरेन्सबाईंनी कसून विरोध केला. परीक्षेने ज्ञान मोजता येते, शील मोजता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या बाईची माया कुठल्या रकान्यात लिहिणार? फेनविकबाईही सुखवस्तू होत्या आणि त्यांच्या आग्रहात वरिष्ठवर्गाचा ताठा होताच. तरीही नोंद नसलेल्या कामाला दर ठरत नाही आणि कोणीही उठून स्वतःला परिचारिका म्हणवते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ साली झाला, आणि त्या वहीत पहिले नाव फेनविकबाईंचे लागले.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप निराळे होते. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले, तेव्हा परक्या पुरुषाची शुश्रूषा हे घरंदाज बाईचे काम नव्हे, हा समज पक्का होता. येथे कौतुक दूरच, आधी बदनामी पुसायची होती. अशा वेळी मान मागणे हा अहंकार नव्हता, कामावर जाता यावे एवढ्यासाठीची ती गरज होती.

आता आजच्याकडे वळू. 'आशा' योजना २००५ साली सुरू झाली, ती कार्यकर्तीला स्वयंसेविका मानूनच. तिला मिळते ते 'मानधन', वेतन नव्हे. आपल्या भाषेने येथे मोठी चलाखी केली आहे. धनापुढे मान जोडला, की धनाचा आकडा विचारणे असभ्य ठरते. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्यांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या सुमारे दहा लाख आशांचा गौरव केला. मानाची कमतरता नव्हती, हे या तारखाच सांगतात.

सेवेच्या क्षेत्रात आत्मगौरव मुळीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या त्यागाची आठवण रुग्णाला सतत करून देणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर कृतज्ञतेचे कर्ज चढवणे ही क्रूरताच होय. परंतु ती मागणी रुग्णाकडे असते. फेनविकबाईंची आणि आशांची मागणी राज्यसंस्थेकडे आहे. पहिलीला मान हवा असतो, दुसरीला मान्यता. या दोहोंची गल्लत करणे पैसे देणाऱ्याच्या नेहमीच सोयीचे ठरत आले आहे.

थडग्यावर केवळ आद्याक्षरे कोरण्याचा अधिकार आम्हांला वंदनीय वाटतो. मात्र ज्यांचे नाव हयातीत पगारपत्रकावरही चढले नाही, त्यांना तो आदर्श म्हणून सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.