जलमग्न अवशेष : कोकण किनारा आणि सह्याद्रीतील जलाशय

जलमग्न अवशेष : माणसाने घडवलेल्या आणि नंतर कायमच्या किंवा वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरत्या पाण्याखाली गेलेल्या वस्तू व वास्तू. फुटलेल्या जहाजांतला माल, नांगर, तोफा, बंदरांचे धक्के, तटाच्या भिंती, देवळे, घरांची जोती, एवढेच नव्हे तर अख्खी गावठाणेही यात येतात. या विषयावर बोलताना सहसा दूरची नावे निघतात. ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळच्या जहाजातून १९०१ मध्ये वर आलेले कांस्याच्या दातेरी चाकांचे यंत्र, इजिप्तच्या अबुकीर उपसागरातले हेराक्लिऑन बंदर, आपल्याकडची द्वारका. महाराष्ट्र आणि गोव्यात मात्र समुद्राने जितके गिळले त्याहून कितीतरी अधिक माणसाने धरणे बांधून स्वतःच्या हाताने पाण्याखाली घातले. तेही फार जुन्या काळी नव्हे. त्या देवळांत दिवा लावलेली माणसे अजून हयात आहेत.

नवीन पनवेल ही सिडकोने रेल्वेमार्गाच्या पूर्वेला वसवलेली वसाहत. पाण्याखालच्या अवशेषांशी तिचा काही संबंध असेल असे वरवर वाटत नाही, पण तो दोन्ही बाजूंनी आहे. पश्चिमेला पनवेलची खाडी बेलापूर-उलव्याच्या बाजूने मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. आगगाडी सुरू होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरायचा आणि पुढे बोरघाट चढायचा. पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर वळवण, लोणावळा आणि शिरवटा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी खोपोलीच्या वीजघरातून खाली पडते आणि पाताळगंगेला मिळते. हीच पाताळगंगा पनवेल परिसराला पाणी पुरवते. बुडालेले बंदर एका अंगाला आणि बुडालेले शिवार दुसऱ्या अंगाला, अशी ही जागा आहे.

खाडीतून बाहेर पडले की घारापुरी. उरण तालुक्यातले हे बेट लेण्यांसाठी जगाला ठाऊक आहे, पण किनारी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना त्याच्या चिखलात जास्त रस आहे. मोराबंदरच्या बाजूला, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात त्यांना अँफोरांचे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे भूमध्य समुद्राकडून दारू आणि तेल आणणारे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे रांजण. लेणी कोरली जाण्याच्या कित्येक शतके आधी या बेटावर रोमन जगाशी व्यापार करणारे बंदर नांदत होते, याचा पुरावा हे तुकडे देतात. लेण्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या हजारोंपैकी फारच थोडे लोक त्या चिखलाकडे वळतात. 

मुंबई बंदराच्या तळाने याहून जुने काहीतरी दाखवले आहे. १८७८ मध्ये प्रिन्सेस डॉकसाठी खोदाई चालू असताना समुद्रपातळीच्या खाली खैराच्या शेकडो झाडांचे बुंधे निघाले. त्यांतले बरेच मुळांवर उभेच होते. माणसाने घडवलेली वस्तू नव्हे, म्हणून काटेकोरपणे पाहता ही नोंद इथे बसत नाही. पण या किनाऱ्यावर एके काळी जमीन असलेला भाग समुद्राखाली गेला, ही गोष्ट तिच्याइतकी दुसऱ्या कशाने स्पष्ट होत नाही. कोकणातल्या बुडालेल्या भिंतींबद्दल कोणी काही सांगू लागले की हे खैराचे रान लक्षात ठेवावे लागते.

त्याच गोदीच्या शेजारी, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या आणि ३१ पेट्यांत प्रत्येकी चार अशा सोन्याच्या १२४ विटा होत्या. कापसाला लागलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे अनेक जवान जागीच गेले. १४ एप्रिलपासून देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे. सोन्याच्या विटा आसपासच्या वस्तीवर आणि गोदीच्या पाण्यात उडाल्या, आणि पुढे कितीतरी वर्षे गोदीतला गाळ काढताना त्या मिळत राहिल्या. मुंबईत ही गोष्ट नेहमी सोन्याच्या अंगाने सांगितली जाते. गाळातून सोन्याबरोबर न फुटलेले गोळेही निघत आले आहेत, हे फारसे सांगितले जात नाही.

रेवसकडे जाणारी ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यांत अलिबाग आणि आसपासच्या गावांतली घरेच्या घरे होती. बुडालेल्या जहाजाला अवशेष म्हणण्याआधी ते कुणाचे तरी थडगे असते, याचा विसर या शास्त्राला पडता कामा नये.

विजयदुर्गची भिंत हा कोकणातला सर्वांत गाजलेला अवशेष. किल्ल्यालगतच्या समुद्रात पाण्याखाली जांभ्या दगडाची भिंत आहे. तिची लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी ७ मीटर आणि उंची ३ मीटर सांगितली जाते. चालून येणारी गलबते या भिंतीवर आपटून फुटत, अशी परंपरागत समजूत आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गोव्यातील पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी या पाण्यात शोध घेतला. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या दोन्ही ठिकाणी जहाजांचे दगडी नांगर मिळाले. भिंतीपेक्षा हे नांगर कमी नाट्यमय वाटतात, पण जास्त बोलके आहेत. आकारावरून आणि भोकांच्या रचनेवरून ते कोणत्या पद्धतीच्या गलबतांचे असावेत याचा अंदाज बांधता येतो. वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये इथे आंग्र्यांच्या काळातली, खडक खोदून केलेली गोदी आहे. भरतीला आत घेतलेले गलबत ओहोटीला कोरडे पडे आणि डागडुजी करता येई. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच बंदरात जळाले.

श्रीवर्धनच्या परिसरातही समुद्रात बुडालेल्या एका लांबलचक भिंतीबद्दल डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी संशोधन मांडले, आणि तिचे वय काही हजार वर्षे असल्याचे सुचवले. इथे सावधपणा हवा. कोकण किनाऱ्यावर बेसाल्टचे डाइक, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याचे पट्टे, जागोजाग आहेत. आजूबाजूचा दगड झिजला की ते नाकासमोर सरळ गेलेल्या, चिरे बसवल्यासारख्या दिसणाऱ्या भिंती होऊन उभे राहतात. पाण्याखाली, गाळात, शेवाळाने माखलेला दगड माणसाने रचला की निसर्गाने, हे ठरवायला चुन्याचा किंवा छिन्नीचा माग सापडावा लागतो.

गोव्याच्या पाण्यात जहाजे आहेत, आणि तिथले काम भारतातल्या सागरी पुरातत्त्वात पायाभूत मानावे लागते. डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हा विभाग उभा राहिला. जुवारी नदीच्या मुखाबाहेरच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातले एक पोर्तुगीज जहाज फुटलेले आहे. त्याच्या मालात हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, निळ्या नक्षीची चिनी पोर्सेलीन भांडी, मार्तबानी रांजणांचे तुकडे आणि लोखंडी तोफा निघाल्या. आफ्रिका, चीन, ब्रह्मदेश आणि लिस्बन यांना बांधणारा व्यापार गोव्याच्या तळावर एका ओळीत पडलेला होता. सेंट जॉर्ज खडकावरचे दुसरे जहाज साधेसुधे आहे आणि म्हणूनच जिव्हाळ्याचे: त्यात कौले, विटा आणि नळ होते, आणि त्यांवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा १८६५ सालचा शिक्का होता. कोकणातल्या कितीतरी घरांवर याच घराण्यातली मंगळुरी कौले आजही आहेत. जहाजाचे लाकूड मात्र शिल्लक नाही. लाकूड पोखरणारे समुद्री किडे उबदार पाण्यात काही वर्षांत सांगाडा फस्त करतात, आणि उरते ते भाजलेल्या मातीचे, दगडाचे आणि धातूचे.

मुरगाव बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘एरेनफेल्स’ हे जर्मन जहाज बुडाले. कलकत्त्याहून आलेल्या हौशी सैनिकांनी त्यावर छापा घातला होता. ते पाहून तिथल्या इतर जर्मन जहाजांच्या आणि एका इटालियन जहाजाच्या खलाशांनीही आपापली जहाजे बुडवली. पोर्तुगीज प्रदेश युद्धात तटस्थ असल्यामुळे हा छापा अनेक वर्षे गुप्त ठेवला गेला.

समुद्रातून वर, घाटमाथ्यावर आले की सगळे बदलते. इथे कोणी पाणबुड्या लागत नाही. मार्च-एप्रिल उजाडला, धरण आटू लागले की पाणीच अवशेष बाहेर ठेवते.

पवना धरणातले वाघेश्वराचे देऊळ असे दर उन्हाळ्यात उघडे पडते. पनवेलहून घाट चढून दोन तासांत तिथे पोहोचता येते. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. त्याच्या पाण्यात कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले दहाएक महिने असते आणि मे-जूनच्या सुमारास दर्शनाला मोकळे होते. भीमेवरच्या उजनी धरणात इंदापूर तालुक्यातले पळसदेव बुडाले. तिथले पळसनाथाचे हेमाडपंती देऊळ फक्त दुष्काळी वर्षांत पायथ्यापर्यंत दिसते, कारण उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या घरात आहे. सोलापूर जिल्ह्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात तेव्हा पाणी त्या साठ्याच्याही खाली उतरलेले असते. शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले की देऊळ दिसते. पळसनाथाचे फोटो ज्या वर्षी भरभरून छापून येतात, ते वर्ष चांगले नसते.

मुळशीचे नाव या नोंदीत घ्यायलाच हवे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालेच. बुडीत क्षेत्र, धरणग्रस्त, पुनर्वसन हे शब्द पुढे मराठीत रोजचे झाले, त्यांच्यामागचा पहिला मोठा लढा हा.

सर्वांत पूर्ण चित्र गोव्याच्या कुर्डीत दिसते. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणात १९८० च्या दशकात बुडाले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म इथलाच, १९०४ चा. गावकरी वाडे आणि वालकिणी इथे वसवले गेले. गावातले महादेवाचे जुने देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडादगडाला क्रमांक देऊन उतरवले आणि सुमारे १७ किलोमीटरवर, धरणाजवळ पुन्हा रचले. जांभ्यात कोरलेली मातृदेवतेची भव्य मूर्तीही हलवून वेर्ण्याला नेली. जे उचलण्याजोगे होते ते उचलले. घरांची जोती, विहिरी, वाटा, माडांचे खुंट राहिले, आणि दर मे महिन्यात ते जसेच्या तसे वर येतात. तेव्हा कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवासाठी गावात उतरतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाचे फेस्त करतात. कुणाचे स्वयंपाकघर कुठे होते, तुळस कुठे होती, हे नातवंडांना जोत्यावर उभे राहून दाखवले जाते. सौम्यानंद साही यांनी या परतण्यावर ‘रिमेंबरिंग कुर्डी’ हा माहितीपट केला आहे.

गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री किडे नसतात, मीठ दगडात शिरत नाही. तरी धरणातला अवशेष समुद्रातल्यापेक्षा सुरक्षित आहे असे समजू नये. कायम गाळाखाली राहिलेली वस्तू टिकते, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही. वाघेश्वर किंवा पळसनाथ दरवर्षी किंवा काही वर्षांआड भिजतात आणि उन्हात तडकतात. सांध्यातला चुना धुपतो, लाटा पायाखालची माती नेतात, शिखराच्या विटा सुटतात. उघड्या पडलेल्या त्या थोड्या आठवड्यांत मोजमाप, रेखाटन, शिलालेख आणि वीरगळांची नोंद व्हायला हवी. प्रत्यक्षात तेवढ्या काळात सहली निघतात आणि गाभाऱ्याच्या भिंतींवर नावे कोरली जातात. गाळात अडकलेल्या वीरगळाची जागा एकदा हलली की तो कुठल्या वेशीवरचा होता हे सांगणारे कोणी उरत नाही.

दरम्यान पाण्याखाली नवे अवशेष मुद्दाम घालण्याचेही चालले आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात बुडवायची, तिच्यावर प्रवाळ वाढू द्यायचे आणि पर्यटकांना ती दाखवायची, अशी राज्याची योजना आहे.

कायद्याच्या दृष्टीने या सर्वांचे स्थान सारखे नाही. युनेस्कोच्या २००१ च्या करारात पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाची व्याख्या आहे: माणसाच्या अस्तित्वाच्या ज्या खुणा किमान १०० वर्षे, अंशतः किंवा पूर्णपणे, सतत किंवा अधूनमधून पाण्याखाली आहेत त्या. सुंचीचे जहाज यात सहज बसते. पळसनाथाचे देऊळ कितीही शतके जुने असले तरी त्याचा पाण्यातला काळ उजनी भरल्यापासून मोजायचा, म्हणजे त्याला २०८० च्या आसपासपर्यंत थांबावे लागेल, आणि कुर्डीला त्याहूनही पुढे. ‘अधूनमधून’ हा शब्द मात्र व्याख्येत आहे आणि तो आपल्या जलाशयांसाठीच घातला असावा इतका नेमका आहे. भाटघर धरणाचे उद्घाटन १९२८ मध्ये झाले. त्या हिशेबाने, २०२८ नंतरच्या उन्हाळ्यात कांबरेश्वराच्या पायऱ्या पाण्याबाहेर येतील तेव्हा ते या व्याख्येत बसू लागलेले असेल.