तेरेखोल: तोंड फिरवलेला किल्ला

गोव्याची उत्तर हद्द बऱ्याच अंतरापर्यंत तेरेखोल नदी सांभाळते. मुखाशी मात्र हद्द नदी ओलांडून पलीकडे जाते. तिथला टेकडीचा तुकडा गोव्याचा, पण जमिनीने जोडलेला आहे तो फक्त सिंधुदुर्ग जिल्ह्याला. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९८७ ला राज्य झालं, तरी हद्द हलली नाही. ती ठरली होती एका लढाईत.

या टेकडीवरचा तेरेखोल किल्ला मुळात सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा, सतराव्या शतकातला. मनोहरगडाच्या बाजूने येणारी ही नदी बांद्यावरून खाली येते आणि इथे समुद्राला मिळते. मुखावर ज्याच्या तोफा, त्याच्या हाती आतला सगळा जलमार्ग. सावंतांनी जागा अचूक हेरली होती. बुरुजावरून समोर केरीचा किनारा, उजवीकडे उघडा समुद्र. आत येणारं गलबत इथल्या पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटणं अशक्यच.

१७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने हा किल्ला जिंकला. त्याच मोहिमेत त्याने पेडण्यातला हळर्णचा कोटही घेतला. पुढे त्याला मिळालेली ‘आलोर्नाचा मार्किस’ ही पदवी या हळर्णचीच. पोर्तुगीजांनी १७६४ मध्ये तेरेखोलची नव्याने बांधणी केली. आज दिसतो तो मुख्यतः त्यांचा किल्ला: जांभ्याच्या भिंती, कोपऱ्यांवर गोल टेहळणी मनोरे, अंगणाच्या मधोमध पांढरंशुभ्र सांत आंतोनचं चर्च. सावंतांनी नदीवर नजर ठेवायला उभारलेली चौकी आता सावंतांच्याच मुलखाकडे डोळे लावून बसली. किल्ल्याचं तोंडच फिरलं!

त्या भिंतींमागे नुसते परके शिपाईच राहिले असं नाही. बर्नार्दु पेरिश द सिल्वा हा गोव्याच्या मातीतला पहिला गव्हर्नर १८३५ मध्ये पदच्युत झाला, आणि त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांची इथे कत्तल झाली. पुढे १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या गोवामुक्ती सत्याग्रहींच्या तुकडीने किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला. सत्याग्रहींच्या हाती शस्त्र नव्हतं. वर्षभराने, १५ ऑगस्ट १९५५ ला, पुन्हा सत्याग्रही आले तेव्हा पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पनवेलचे हिरवे गुरुजी तिथे हुतात्मा झाले. सीमेवरच्या या किल्ल्याच्या इतिहासात मला सगळ्यात मोठे वाटतात ते हेच निःशस्त्र लोक. किल्ला घ्यायला नव्हे, तो आपला आहे हे सांगायला ते आले होते.

पुढे किल्ल्यात हॉटेलही सुरू झालं. केरीहून फेरीबोटीने किंवा रेडीच्या बाजूने रस्त्याने जाता येतं. चर्च बहुधा बंदच असतं. तिथवर गेलात तर समुद्राचे फोटो काढून लगेच परतू नका. हुतात्म्यांची आठवण आधी काढा.