एकोणीसशे छप्पन : राज्य पुनर्रचना व भंडारा जिल्हा

भारतीय प्रजासत्ताकाच्या सार्वजनिक जीवनात १९५६ या वर्षाला विशेष महत्त्व आहे. दुसरी पंचवार्षिक योजना, ३० एप्रिलचा औद्योगिक धोरणविषयक ठराव, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांना व्यापक मान्यता देणारा हिंदू उत्तराधिकार अधिनियम, नागपूर येथील धम्मदीक्षा आणि भाषेच्या तत्त्वावर झालेली राज्यांची पुनर्रचना या सर्व घटना याच एका वर्षातील होत. त्यांपैकी राज्य पुनर्रचनेचा प्रत्यक्ष परिणाम सीमेवरील जिल्ह्यांत सर्वाधिक जाणवला. पूर्व विदर्भातील भंडारा हा असाच एक जिल्हा होय. ३१ ऑक्टोबर रोजी तो मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरपासून तो मुंबई राज्यात गणला जाऊ लागला. जिल्ह्याच्या दक्षिण भागातील दिघोरीसारख्या गावांची राजधानी जेमतेम एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यातील नागपूरहून मुंबईस गेली.

पार्श्वभूमी : नागपूर हे १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताचे राजधानीचे शहर होते. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाड आणि स्वातंत्र्योत्तर काळात मध्य प्रदेश असे नामांतर झाले, तरी राजधानी नागपूरच राहिली. या राज्यात हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा होता. भंडारा जिल्हा या दोन भाषांच्या सीमेवर वसलेला. मराठी ही येथील प्रमुख भाषा असली, तरी पोवारी, गोंडी, हलबी व हिंदी बोलणारा समाजही येथे पूर्वापार नांदत आला आहे. वैनगंगेचे खोरे, भाताची शेती, मालगुजारी तलाव आणि तुमसर परिसरातील मँगॅनीजच्या खाणी ही जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेची प्रमुख अंगे होत.

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला. हृदयनाथ कुंझरू व के. एम. पणिक्कर हे त्याचे अन्य सदस्य होते. ३० सप्टेंबर १९५५ रोजी सादर केलेल्या अहवालात आयोगाने मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, अशी शिफारस केली. हे राज्य आर्थिक दृष्ट्या स्वतःच्या बळावर उभे राहू शकेल, तसेच मोठ्या राज्यात आपल्याकडे दुर्लक्ष होईल ही तेथील भीती दुर्लक्षणीय नाही, असे आयोगाचे मत होते. लोकनायक बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी यांनी वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तिकेत, मुंबई शहर व अन्य तीन भाग अशी मराठी भाषिकांची चार राज्ये सुचविली होती. त्यांतील पूर्व महाराष्ट्र म्हणजे प्रायः विदर्भ होय. दुसऱ्या बाजूस २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारान्वये पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ येथील नेत्यांनी एका मराठी राज्याची कल्पना स्वीकारली होती. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व शासकीय सेवांत स्थान, नागपूर येथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि वर्षातून एक विधिमंडळ अधिवेशन ही तीतील प्रमुख आश्वासने होत.

निर्णयाचा क्रम : आयोगाची विदर्भविषयक शिफारस केंद्र शासनाने स्वीकारली नाही. विदर्भासह महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशी त्रिराज्य योजना पुढे आली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर करताच मुंबईत तीव्र आंदोलन उसळले व पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे बळी गेले. ६ फेब्रुवारी रोजी पुणे येथे संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. याच प्रश्नावरून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख जुलैमध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. ऑगस्टमध्ये संसदेने मूळ योजना बाजूस सारून गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा व विदर्भ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचा पर्याय स्वीकारला. ३१ ऑगस्ट रोजी राज्य पुनर्रचना अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ नोव्हेंबरपासून देशात १४ राज्ये व ६ संघ राज्यक्षेत्रे अस्तित्वात आली. यशवंतराव चव्हाण हे नव्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले.

संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार अशा विधेयकावर संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागविणे आवश्यक असते. त्याची संमती मात्र आवश्यक नसते. जनमत घेण्याची तरतूदही नाही. यामुळे एका वर्षाच्या आत विदर्भाचे भवितव्य स्वतंत्र राज्य, महाराष्ट्राचा भाग आणि द्वैभाषिक राज्याचा भाग अशा तीन अवस्थांतून गेले. परंतु तेथील मतदारांपुढे हा प्रश्न स्वतंत्रपणे कधीच ठेवला गेला नाही.

धम्मदीक्षा : राज्याच्या सीमा बदलण्यास काही दिवस उरले असता, १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकर यांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व नंतर लक्षावधी अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. १६ ऑक्टोबर रोजी चांदा येथेही असाच सोहळा झाला. भंडाऱ्याशी आंबेडकरांचा संबंध निकटचा होता. १९५४ मध्ये येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत ते उभे होते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, तर सर्वसाधारण जागा समाजवादी नेते अशोक मेहता यांनी जिंकली. मतपेटीतून जे साधले नाही, त्याहून खोल परिवर्तन दोन वर्षांनंतर दीक्षेने या भागातील गावोगावी घडविले. ६ डिसेंबर रोजी आंबेडकरांचे निधन झाले. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सु. २८ लक्ष भरली.

परिणाम : नकाशा एका दिवसात बदलला, कारभार बदलण्यास मात्र दशकाहून अधिक काळ लागला. अधिनियमानुसार पूर्वीच्या राज्याचे कायदे, ते बदलले जाईपर्यंत, त्या त्या प्रदेशात चालू राहणार होते. त्यामुळे भंडाऱ्यात १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता पुढेही लागू राहिली व तिची जागा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने घेतली. कुळांसाठी विदर्भापुरता स्वतंत्र कायदा १९५८ मध्ये झाला. तहसील पातळीवरील जनपद सभा जाऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आली. पटवाऱ्याचा तलाठी झाला, तरी लोकांच्या बोलण्यात जुना शब्द टिकून राहिला.

बालाघाट व भंडारा यांमधील सीमा ही आता राज्यसीमा झाली. एकाच पट्ट्यातील मँगॅनीजच्या खाणी दोन राज्यांत विभागल्या गेल्या. बावनथडी नदीवरील प्रकल्प दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प म्हणून हाती घ्यावा लागला. तेव्हा आकारास येत असलेला भिलाईचा पोलाद कारखाना याच लोहमार्गावर, परंतु दुसऱ्या राज्यात राहिला. नागपूरचे उच्च न्यायालय संपुष्टात येऊन तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. सचिवालयातील कर्मचारी दोन राज्यांत वाटले गेले. भंडाऱ्याहून नागपूर सु. ६० किमी., तर मुंबई सु. ९०० किमी. अंतरावर आहे. मराठीतून शिक्षण व कारभार हा लाभ खरा असला, तरी मंत्रालयापर्यंत पोहोचण्याचे अंतर ही त्याची किंमत होती.

मूल्यमापन : १ मे १९६० रोजी द्वैभाषिक राज्य संपून महाराष्ट्र राज्य स्थापन झाले व भंडारा त्याचा भाग झाला. त्याच वर्षापासून नागपूर येथे विधिमंडळाचे अधिवेशन भरू लागले. काही अपवाद वगळता ही प्रथा टिकली आहे. असंतोष मात्र शमला नाही. १९६२ मध्ये अणे नागपूरमधून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. वि. म. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाने प्रादेशिक असमतोलाची मोजदाद केली आणि ‘अनुशेष’ हा शब्द सार्वजनिक चर्चेत रूढ झाला. संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदात १९५६ मध्येच विकास मंडळांची तरतूद झाली होती. ती मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये आली व त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

१९५६ च्या पुनर्रचनेने भाषेला राज्याचा आधार मानले आणि बहुभाषिक देशाचे ऐक्य त्यामुळे भंगले नाही, उलट दृढ झाले, असे सामान्यतः मानले जाते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या अनुभवावरून या निष्कर्षास एक पुरवणी जोडावी लागते : समान भाषा लोकांना एका राज्यात आणू शकते, त्या राज्याविषयीचा विश्वास मात्र एकत्र येताना दिलेल्या आश्वासनांच्या पूर्तीवरच अवलंबून राहतो.