आल : क्षिप्राकाठचा तांबडा रंग

जुन्या ग्रंथसंग्रहांतील पोथ्या पुष्कळदा एका जाड्याभरड्या तांबड्या फडक्यात बांधलेल्या असत. त्या कापडास खारवा म्हणत. हिशेबाच्या वह्यांनाही त्याचेच वेष्टण असे. त्याच रंगाचे आणखी एक वस्त्र मराठी घरांनी पाहिले आहे. ते म्हणजे केशवपन झालेल्या विधवेचे आलवण. रंगाचा उगम त्या नावातच आहे. आल नावाच्या झुडपाच्या मुळ्यांनी रंगविलेले, म्हणून ते आलवण. उज्जैनच्या मराठी वाचकाने या झुडपाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. कारण माळव्याची काळी जमीन हे एके काळी त्याचे मोठे माहेर होते.

आल हे मंजिष्ठेच्याच कुळातले. महाराष्ट्रात त्याला बारतोंडी असेही नाव आहे. पावसाळ्याच्या आरंभी पेरणी करावी आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी खोल खणून मुळ्या काढाव्यात, अशी त्याची रीत होती. रंग असतो तो मुळीच्या सालीत. त्यामुळे जितकी मुळी बारीक तितकी ती मोलाची. झाड वाढू दिले तर मुळ्या जाड होत आणि रंगाऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरत. एवढ्याने रंग बसत नसे. कापड तेल व खाराच्या पाण्यात मुरवून, हिरडा आणि तुरटी देऊन मगच ते आल घातलेल्या पाण्यात उकळीत. तुरटीने तांबडा रंग खुले, तर लोखंडाच्या पाण्याने तो काळपट होई.

या लागवडीचे इंग्रजीतील एक जुने वर्णन आपल्या नगरीशी निगडित आहे. १७९२ मध्ये शिंद्यांच्या दरबारातील इंग्रज वकील मेजर पामर यांच्यासमवेत विल्यम हंटर हा शल्यवैद्य आग्र्याहून उज्जैनला आला. उज्जैन तेव्हा शिंद्यांची राजधानी होती. हंटरने आल या वनस्पतीवर लिहिलेला निबंध पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात प्रसिद्ध झाला.

रंगाऱ्याला वाहते पाणी हवे असते. शहराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी, काळभैरवाच्या सान्निध्यात, भैरवगडची छिप्यांची वस्ती आहे. तिच्या पुढे नदी दुभंगते आणि मध्ये एक बेट तयार होते, तेच कालियादह. माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी याने सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे जलमहाल उभारला आणि नदीचे पाणी कुंडाकुंडांतून खेळविले. अकबर आणि जहांगीर यांच्या तेथील आगमनाची नोंद फार्सी शिलालेखांत आहे. पुढे भग्न झालेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे यांनी १९२० मध्ये केला. बादशहांची नावे त्या बेटावर दगडात कोरली गेली. पण त्याच पाण्यात कापड धुणाऱ्या रंगाऱ्यांची नावे कोठे कोरली गेली नाहीत.

एकाच मुळीचा रंग लुगड्यांना, जाजमांना, रजयांना आणि पोथीच्या बासनाला लागत होता. तो पक्का होता, धुऊन जात नसे. त्याच रंगाचे आलवण मात्र एकदा अंगावर आले की जन्मभर उतरत नसे. सवाष्णीच्या वस्त्रात मंगल मानलेला तांबडा रंग विधवेच्या अंगावर तिच्या वंचनेची खूण झाला. दोष मुळीचा नव्हता. त्या रंगाला अर्थ देणाऱ्या समाजाचा होता. म्हणून या रंगाचे गुण गाताना आलवणाचा विसर पडू देणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल.

या शेतीवर घाला आला तो दूर जर्मनीतून. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य, अलिझारिन, कृत्रिम रीतीने सिद्ध केले. दगडी कोळशाच्या डांबरापासून तयार होणारी ही स्वस्त भुकटी बाजारात आल्यावर तीन-चार वर्षे जमीन अडवून ठेवणारे आणि खणण्याची एवढी मजुरी मागणारे पीक कोण घेणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत माळव्यातील ही लागवड लयाला गेली. छिप्यांचे ठसे राहिले. भांड्यातला रंग बदलला.

आज भैरवगडची ख्याती आहे ती मेणाच्या बाटिक कामासाठी. बाटिक हा शब्द जावा बेटावरचा, आणि तेथील जुन्या बाटिकचा तांबडा रंगही याच आल झाडाच्या मुळ्यांचा. तेथे त्याला मेंगकुडू म्हणतात. समुद्रापलीकडच्या त्या बेटाचे आणि कालियादहच्या शेजारच्या वस्तीचे असे हे दुहेरी नाते आहे. क्षिप्रेचे पाणीही आता पूर्वीचे नाही. २०१४ पासून तिच्यात नर्मदेचे पाणी आणून सोडले जाते. आल हे झाड आता ओळखले जाते ते ‘नोनी’ या नावाने, त्याच्या फळांच्या रसासाठी. त्याच्या मुळ्यांची आठवण आपल्या भाषेत आलवण या एका शब्दाने जपली आहे. जुनी पोथी हाती घेताना तिचे तांबडे फडके टाकून देण्यापूर्वी वाचकाने क्षणभर निरखून पाहावे, एवढीच विनंती. त्याच्या धाग्यांतही माळव्याच्या मातीचा, रंगाऱ्यांच्या श्रमांचा आणि आपल्या घरांतील स्त्रियांचा इतिहास आहे.